ई.डी., क्लैब्य, व्हेनस लीक, नस ढिली, नपुंसक... डॉक्टर, मला नक्की झालंय काय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, दुसऱ्यांदा जरा सावकाश. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वय ३४, लग्नाला दोन वर्षं, पहिलं दीड वर्ष सगळं व्यवस्थित होतं, गेल्या सात-आठ महिन्यांपासून ताठरता येते पण मधेच जाते, कधी येतच नाही. सकाळी उठताना मात्र आठवड्यातनं तीन-चार दिवस असते. फॅमिली डॉक्टरांनी केसपेपरवर ‘ई.डी.’, म्हणजे इरेक्टाइल डिस्फंक्शन, असं लिहिलं. ओळखीच्या वैद्यांनी नाडी बघून ‘क्लैब्य’ म्हटलं, ‘ध्वजभंगाची सुरुवात’ असंही म्हटलं. डॉपलरच्या, म्हणजे रक्तप्रवाह बघणाऱ्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टात ‘व्हेनस लीक’ आलं. स्टँडजवळच्या भिंतीवर ‘नस ढिली, मर्दाना कमजोरी’ वाचून तिथंही एक चक्कर झाली. आणि आता मेव्हण्यानं कपाटावरचा कागद वाचला आणि सासरी ‘जावई नपुंसक आहे, आम्हाला फसवलं’ असं सुरू झालंय. तुम्ही विचारताय, हे पाच आजार आहेत का एकच, आणि मी खरंच नपुंसक आहे का.

मी सोलापुरात वीसेक वर्षं मूत्ररोगाची प्रॅक्टिस करतोय. लोक मला मुतखड्याचा डॉक्टर म्हणून ओळखतात, इथला उन्हाळा बघता ते बरोबरच आहे, पण ओपीडीतले शेवटचे दोन-तीन पेशंट, जे सोबतच्याला बाहेर बसवतात आणि आत आल्यावर दार स्वतःच लावून घेतात, ते बहुतेक तुमच्याच प्रश्नाचे असतात. तपासल्याशिवाय तुमचं निदान मी इथं करणार नाही, आणि असं लांबून जो करतो त्याच्यावर विश्वासही ठेवू नका. पण शब्दांचा गुंता मात्र लांबूनही सोडवता येतो, आणि माझ्या मते तुमचा निम्मा त्रास तोच आहे.

बघा, तुमच्या हातात आलेले शब्द एका जातीचे नाहीत. ‘ई.डी.’ हा शब्द काय होतंय एवढंच सांगतो. ‘व्हेनस लीक’, ‘नस ढिली’ हे कशामुळे होतंय ते सांगितल्याचा दावा करतात, त्यातला एक जरा खरा आणि एक पार खोटा. आणि ‘नपुंसक’ हा शब्द आजाराबद्दल काहीच सांगत नाही, तो सरळ माणसाचा निकाल लावतो. तुम्ही तिन्ही एकाच वहीत एकाखाली एक मांडले आणि बेरीज करायला बसलात, म्हणून उत्तर येईना.

आधी त्या नपुंसकचं बघू. शाळेत आपण तो, ती, ते शिकलो ना, पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. नपुंसक म्हणजे जो पुरुषच नाही तो. म्हणजे माणूस एका अवयवातल्या रक्तपुरवठ्याची तक्रार घेऊन गेला आणि लोकांनी त्याला व्याकरणातला ‘ते’ करून टाकला. मोतीबिंदू झालेल्याच्या केसपेपरवर कुणी ‘आंधळा’ असं लिहून देतं का? षंढ, नामर्द यांची गत तीच. वर हेच शब्द तृतीयपंथीयांनाही शिवीसारखे चिकटवलेत, त्यांचा या तक्रारीशी काडीचाही संबंध नाही.

शिवी आहे म्हणून तर मी हा शब्द वापरत नाहीच, पण डॉक्टर म्हणून माझी खरी तक्रार वेगळी आहे, या शब्दातनं मला काहीही कळत नाही. ‘मी नपुंसक आहे’ म्हणून येणाऱ्याला मी एकच विचारतो, म्हणजे नेमकं काय होतं? एकाचं उत्तर होतं, ताठरता उत्तम, पण मिनिटभरात संपतं. ते शीघ्रपतन, त्याचं औषध वेगळं. दुसऱ्याचं सगळं व्यवस्थित, फक्त वीर्यतपासणीत शुक्राणू निल आलेले. ते वंध्यत्व, आणि त्याचा ताठरतेशी संबंध असेलच असं नाही, पाच मुलांच्या बापाला ई.डी. असू शकतो आणि निल रिपोर्टवाल्याला आयुष्यात कधी ताठरतेचा त्रास नसतो. तिसऱ्याला इच्छाच होत नव्हती, चौकशी केली तर आठ महिन्यांपासून डिप्रेशन होतं. चौथा बावीस वर्षांचा अविवाहित पोरगा, लघवीतनं पांढरं जातं म्हणून घाबरलेला. त्याला आपल्याकडं ‘धातू जातो’ म्हणतात, त्या भीतीला ‘धात सिंड्रोम’ हे नाव १९६० साली आपल्याच देशातले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी दिलं. आणि पाचव्या जोडप्यात तर नवऱ्याला काहीच नव्हतं, बायकोला भीतीनं योनीचे स्नायू आवळून यायचे, त्याला व्हजायनिस्मस म्हणतात, दोन वर्षं गोळ्या मात्र नवराच खात होता. पाच माणसं, पाच वेगवेगळे प्रॉब्लेम, शब्द एकच. असा शब्द काय कामाचा सांगा.

इंग्रजीतही हेच रडगाणं होतं. पूर्वी सगळे ‘इम्पोटन्स’ म्हणायचे, मूळ लॅटिन, अर्थ शक्ती नसणं. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थनं यावर तज्ज्ञांची परिषद भरवली, परिषदेच्या नावातच ‘इम्पोटन्स’ होतं, आणि तिथं बसून लोकांनी ठरवलं की हाच शब्द सोडून द्या, कारण एक तर तो माणसाला हिणवतो आणि दुसरं म्हणजे त्यात नक्की काय काय येतं ते कुणालाच सांगता येत नाही. त्याच्या जागी ‘इरेक्टाइल डिस्फंक्शन’ घ्या असं त्यांनी सुचवलं. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, मंजूर झालं, जाहिराती आल्या आणि ई.डी. ही दोन अक्षरं जगभर झाली. कंपन्यांनी विक्रीसाठी केलं हे खरंच, पण पेशंटला तोंड उघडायला एक बरा शब्द मिळाला हेही खरं.

आता आपल्याकडं या दोन अक्षरांची वेगळीच पंचाईत. माझा एक पेशंट, व्यापारी माणूस, केसपेपर हातात घेतला आणि चेहरा पडला. म्हणाला, साहेब, ईडी? मी तर सगळा जीएसटी भरतो की ओ. तेव्हापासून मी पूर्ण लिहितो.

नुसतं ई.डी. म्हणजे काय, तर समाधानकारक संबंधासाठी पुरेशी ताठरता न येणं किंवा आली तरी न टिकणं, आणि हे एखाद्या वेळी नाही तर सतत किंवा पुन्हा पुन्हा. गड्ड्याच्या यात्रेत रात्रभर फिरून पहाटे घरी आलात आणि जमलं नाही, याला ई.डी. म्हणत नाहीत, याला दमणं म्हणतात. दारू जास्त झाल्यावर न जमणं, त्यालाही नाही. मानसोपचारवाले जे पुस्तक वापरतात त्यात २०१३ पासून ‘इरेक्टाइल डिसऑर्डर’ असं नाव आहे आणि तिथं अट कडक आहे, साधारण सहा महिने, चारपैकी निदान तीन वेळा तरी, आणि माणसाला त्याचा त्रास व्हायला हवा. तुमच्या केसमध्ये सात-आठ महिने झालेत म्हणजे दखल घ्यावी असं आहे, पण चारपैकी किती वेळा असं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते मोजा. माणूस वाईट वेळा लक्षात ठेवतो आणि बऱ्या वेळा विसरतो, निम्मे पेशंट मोजल्यावर म्हणतात की अरे, एवढं नाही.

तर ई.डी. हा शब्द ‘ताप’सारखा आहे. ताप आलाय हे खरं, पण मलेरियाचा का टायफॉइडचा ते तापाला माहीत नसतं. केसपेपरवर ई.डी. लिहिलं म्हणजे निदान झालं असं नाही, निदानाला सुरुवात झाली. फॅमिली डॉक्टरांनी काही चूक केली नाही, फक्त तुम्ही तो शेवटचा निकाल समजलात.

मला आजवर ही तक्रार सगळ्यात चांगली कुणी सांगितली असेल तर सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगारानं. बारा-तेरा वर्षं झाली असतील. पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या बाहीवर कापसाचे तंतू चिकटलेले, खुर्चीच्या टोकावर बसलेला. पाच मिनिटं मुतखड्याबद्दल बोलला, मुतखडा नव्हताच. मी पेन खाली ठेवून गप्प बसलो. मग म्हणाला, ‘सायेब, माग चालू होतोय, पण ताणा सैल पडतोय, धोटा निम्म्यात थांबतोय.’ ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे, धोटा म्हणजे आडवा धागा नेणारा. कधीपासून? दोन वर्षं, हळूहळू. सकाळचं? तेबी गेलं. बायकोसोबतच का एकटं असतानाही? सगळीकडं तेच. झालं, माझं निम्मं काम त्यानं केलं. सुरुवात होते पण टिकत नाही, हळूहळू वाढत गेलं, सकाळची ताठरता गेली, परिस्थिती बदलून फरक नाही. शुगर बघितली तर ३१२. त्याला मधुमेह आहे हे त्याला त्या दिवशी कळलं. त्याच्या तोंडी ना ई.डी. होतं ना नपुंसक, आणि तरी त्यानं मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगितलं.

आपल्या गावात चार भाषा असल्यानं शब्दही चार तऱ्हेचे कानावर येतात. तेलुगू बोलणारे ‘नराल बलहीनता’ म्हणतात, म्हणजे नसांची कमजोरी. कन्नडवाले ‘शक्ती इल्ला’. दखनीत ‘जोश नहीं आता’, आणि खेड्यातला मराठी माणूस ‘जोर धरत नाही’ म्हणतो. यातलं मला शेवटचं बरं वाटतं, कारण त्यात क्रियापद आहे. धरत नाही, टिकत नाही, येतच नाही, येऊन जातो, ही क्रियापदं डॉक्टरच्या कामाची. शक्ती, जोश, पॉवर, कमजोरी ही नामं कुणाच्याच कामाची नाहीत, ती फक्त टॉनिक विकणाऱ्याच्या कामाची.

आणि ‘नस’. हा तर फार लबाड शब्द आहे. मराठीत नस म्हणजे शीर पण, नर्व्ह पण, आणि दंड आखडला तरी आपण नसच धरली म्हणतो. त्यामुळं ‘नस ढिली झाली’ म्हटलं की समोरच्याला वाटतं आत कुठली तरी एक दोरी आहे, ती सैल झाली, तेल लावून घट्ट करायची. अशी दोरी नाही ओ. लिंगाच्या आत स्पंजसारख्या दोन नळ्या आहेत. उत्तेजना आली की तिथल्या नर्व्ह आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातनं नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यानं स्नायू सैल होतात, धमन्यांतनं रक्त जोरात आत येतं, स्पंज फुगतो आणि बाहेरच्या जाड आवरणाशी दाबला जातो, त्या दाबात परत जाणाऱ्या शिरा चेपल्या जातात आणि रक्त आत अडकून राहतं. म्हणजे गंमत अशी की ताठरता यायला आतले स्नायू ढिलेच पडावे लागतात. ‘नस ढिली’वाल्याला हे सांगितलं तर त्याचं दुकान बंद होईल. तसंही लैंगिक नपुंसकत्वावर उपचाराच्या जाहिराती करायला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यानं बंदी आहे, भिंती मात्र रंगलेल्याच असतात. त्यांनी दिलेल्या पुड्या, कॅप्सूल असतील तर बंद करा. अशा ‘हर्बल’ मालात गुपचूप सिल्डेनाफिल मिसळल्याचं तपासण्यांमध्ये कितीदा तरी सापडलंय, आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी, म्हणजे ती जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेट वगैरे, घेणाऱ्या माणसानं सिल्डेनाफिल घेतलं तर बीपी धाडकन खाली येऊन जीव जाऊ शकतो.

वैद्यांच्या शब्दांबद्दल. क्लैब्य हा जुना आणि आदराचा शास्त्रीय शब्द आहे, शिवी नाही. चरकसंहितेत त्याचे चार प्रकार दिलेत, बीजोपघातानं, ध्वजोपघातानं, म्हातारपणानं आणि शुक्रक्षयानं होणारं. म्हणजे बघा, बीजाचा, म्हणजे वीर्याचा, दोष आणि ध्वजाचा, म्हणजे लिंगाचा, दोष वेगळा आहे हे त्यांना कळलं होतं, आपल्या सासुरवाडीला अजून कळायचंय. ध्वजभंग म्हणजे त्यातला ताठरतेशी संबंधित प्रकार, शब्दशः झेंडा मोडणं. त्यामुळं ई.डी. आणि ध्वजभंग हे साधारण एकाच तक्रारीकडं बोट दाखवतात, फक्त त्यामागची कारणमीमांसा दोन शास्त्रांची वेगळी आहे, एकाचं दुसऱ्यात जसंच्या तसं भाषांतर करू नका. आणि गीतेतलं ‘क्लैब्यं मा स्म गमः पार्थ’ आठवून अंगावर घेऊ नका, तिथं श्रीकृष्ण अर्जुनाच्या हातपाय गाळण्याबद्दल बोलतोय, बेडरूमबद्दल नाही.

अजून एक गोंधळ, हिंदीतनं आलेला. हल्ली मराठी वेबसाइटवर ई.डी.ला ‘स्तंभनदोष’ लिहितात. पण आयुर्वेदात शुक्रस्तंभन म्हणजे वीर्य रोखून धरणं. त्यामुळं ‘स्तंभक’ लिहिलेली वस्तू शीघ्रपतनासाठी असते आणि स्तंभनदोषवाला ती ताठरतेसाठी घेऊन येतो. माझ्याकडं असे दरवर्षी येतात. मराठीत ‘ताठरतेची समस्या’ म्हणा ना सरळ, किंवा ‘लिंगशैथिल्य’, कुणाचं काही बिघडत नाही.

आता तुमच्या व्हेनस लीकवर जरा थांबतो, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटलेली दिसतेय. ‘लीक’ ऐकलं की डोळ्यासमोर फुटलेला पाइप येतो. शिरेला भोक पडलेलं नसतं. त्याचा अर्थ एवढाच की तपासणीच्या वेळी स्पंज पुरेसा फुगला नाही, शिरा पूर्ण चेपल्या नाहीत आणि रक्त परत जात राहिलं. डॉपलरमध्ये इंजेक्शन देऊन दोन वेग मोजतात. धमनीतला सर्वात जास्त वेग सेकंदाला २५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर रक्त कमी येतंय असं धरतात, आणि धमनी चांगली असूनही शेवटचा वेग ५ च्या वर राहत असेल तर लीकचा संशय घेतात. संशय म्हणतोय मी. कारण थंडगार एसी खोली, अनोळखी माणूस, नाजूक जागी सुई, या सगळ्यात कुणाची छाती धडधडणार नाही? घाबरलं की अॅड्रेनलिन वाढतं, त्यानं ते स्नायू सैल पडत नाहीत, आणि रिपोर्टवर लीक उमटतं. तुम्ही म्हणता घरी येताना रिक्षात ताठरता आली आणि तासभर राहिली. अहो, तुमचा रिपोर्ट रिक्षातच खोटा ठरला की. हे मी शंभर टक्के छातीठोकपणे म्हणणार नाही, कागद बघितल्याशिवाय नाही, पण चौतिशीतल्या माणसाला एका डॉपलरवरनं लीकचं ऑपरेशन कुणी सुचवलं तर दुसऱ्याला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. मात्र उद्या कधी अशा इंजेक्शननं किंवा गोळीनं आलेली ताठरता चार तासांच्या वर राहिली तर आनंद मानत बसायचं नाही, कॅज्युअल्टी गाठायची. त्याला प्रायापिझम म्हणतात, वेळ गेला तर आतला स्पंज कायमचा खराब होतो.

आम्ही डॉक्टर लोक ई.डी.च्या पुढं जी विशेषणं लावतो तीच खरी उपयोगाची. पहिल्यापासूनच आहे का नंतर सुरू झालं, म्हणजे लाइफलाँग का अक्वायर्ड. प्रत्येक वेळी, प्रत्येक परिस्थितीत आहे का ठरावीक वेळीच, म्हणजे जनरलाइज्ड का सिच्युएशनल. आणि मग कारण, सायकोजेनिक, म्हणजे ताण, भीती, नात्यातली धुसफुस, किंवा ऑर्गॅनिक, म्हणजे रक्तवाहिन्या, नर्व्ह, हार्मोन, औषधं. प्रत्यक्षात चाळिशीनंतरचे बहुतेक पेशंट मिक्स्ड निघतात, कारण शुगरमुळं एकदा नाही जमलं की पुढच्या वेळी भीती आपोआप येऊन बसते. सायकोजेनिक म्हटलं की लोक चिडतात, ‘म्हणजे मी नाटक करतोय का?’ नाही बाबा. स्टेजवर गेल्यावर तोंड कोरडं पडतं ते नाटक असतं का? ते अॅड्रेनलिन असतं, इथंही तेच.

सकाळची ताठरता विचारतात ती यासाठीच. निरोगी माणसाला रात्री झोपेत तीन ते पाच वेळा ताठरता येते, स्वप्नं पडणाऱ्या झोपेत, त्याला कुणावर प्रेम करावं लागत नाही. ती टिकून असेल तर यंत्रणा बहुधा शाबूत आहे. तुमची आठवड्यातनं तीन-चार दिवस आहे. त्या माग कामगाराची एकही दिवस नव्हती. फरक लक्षात आला ना.

किती कडक, यालाही मोजमाप आहे. १ म्हणजे आकार वाढतो पण कडकपणा नाही, २ म्हणजे कडक पण प्रवेशाला पुरेसं नाही, ३ म्हणजे प्रवेश होतो पण पूर्ण कडक नाही, ४ म्हणजे पूर्ण. परदेशात हे समजावताना टोफू, केळं, काकडी दाखवतात. टोफू आपल्याकडं कुणी बघितलाय, मी सांगतो १ म्हणजे दुधात कुस्करलेली भाकरी आणि ४ म्हणजे आपली सोलापुरी कडक भाकरी, पेशंट हसतो आणि बरोबर आकडा सांगतो. पाच प्रश्नांची एक प्रश्नावलीही असते, २५ पैकी मार्क, २२ किंवा जास्त असेल तर ई.डी. नाही, ७ किंवा कमी म्हणजे तीव्र. ती भरताना प्रामाणिक राहा, परीक्षा नाहीये.

हे सगळं विचारण्यामागं अजून एक कारण आहे आणि ते पन्नाशीच्या लोकांनी तरी नीट वाचा. लिंगातल्या धमन्या १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. चरबीचा थर साचायला लागला की बारीक पाइप आधी बोंबलतो. म्हणून कारण नसताना हळूहळू आलेली ताठरतेची तक्रार ही कधी कधी हृदयविकाराच्या दोन-तीन वर्षं आधी मिळालेली नोटीस असते. ‘नपुंसक’ म्हणून तोंड लपवलेला माणूस ही नोटीस फाडून टाकतो. बिडी, तंबाखू, मावा चालू असेल तर तेही या बारीक पाइपालाच आधी धरतं.

कायद्याचं. मी वकील नाही, पण कोर्टाचे कागद माझ्याकडंही येतात म्हणून एवढं माहितीये. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १२ मध्ये ‘इम्पोटन्स’ हा शब्द अजून आहे, पण १९७६ च्या दुरुस्तीनंतर अट अशी आहे की जोडीदाराच्या नपुंसकत्वामुळं विवाहात शरीरसंबंध झालेलाच नाही. झालेलाच नाही. दीड वर्ष सगळं ठीक होतं आणि मग अडचण आली, ही गोष्ट वेगळी. कोर्टाला ‘सापेक्ष नपुंसकत्व’ही माहीत आहे, म्हणजे एरवी सक्षम पण त्या जोडीदारासोबत शक्य होत नाही असं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्याच कारणावर एका तरुण जोडप्याचं लग्न रद्द ठरवलं, त्यांच्यातही संबंध झालेच नव्हते. म्हणजे केसपेपरवरचा ई.डी. आणि कलम १२ मधला शब्द एक नाहीत, मेव्हण्याला सांगा. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवरनं कधी ‘इम्पोटन्स ऑफ ऑर्गॅनिक ओरिजिन’ असं छापून आलं तरी हबकू नका, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या जुन्या, दहाव्या यादीत या आजाराचं नावच ते आहे, बटण दाबलं की तेच छापतं. नव्या अकराव्या यादीत ते बदलून लैंगिक आरोग्याच्या वेगळ्या प्रकरणात टाकलंय.

मग तुम्हाला काय झालंय? तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढ्यावरनं, नंतर सुरू झालेली, ठरावीक परिस्थितीतली, टिकण्याची तक्रार. ‘डॉक्टर, दीड वर्ष ठीक होतं, आता येतं पण मधेच जातं, सकाळचं आहे’, एवढं एक वाक्य पुढच्या डॉक्टरला सांगा, चार नावं सांगू नका. बीपी, उपाशीपोटी शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी, कोलेस्टेरॉल, आणि सकाळी लवकर घेतलेल्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, एवढं करून जा. टेस्टोस्टेरॉन दुपारी तपासलं तर कमी दिसू शकतं, सकाळीच. बीपीची, डिप्रेशनची, टक्कल पडू नये म्हणून घेता ती, सगळ्या गोळ्यांची यादी न्या, आणि त्यातली बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. सात-आठ महिन्यांपूर्वी काय बदललं ते आठवा, तुम्ही एका ओळीत नाइट शिफ्टचा आणि नवीन घराच्या हप्त्याचा उल्लेख करून पुढं गेलात, मी त्या ओळीवर थांबलो होतो.

बायकोला सोबत न्या. तिला आत्तापर्यंत तुम्ही काहीच सांगितलेलं नाही आणि तिच्या भावाला सगळं माहीत आहे, हे उलटं झालंय. मी जोडप्याला समोर बसवून सांगतो तेव्हा बहुतेक वेळा बायकोचा पहिला प्रश्न असतो, ‘म्हणजे मी आवडत नाही असं नाही ना?’ ती आठ महिने तेच समजून बसलेली असते.

वंध्यत्वाची भीती असेल तर वीर्यतपासणी वेगळी करा, ताठरतेचा कागद त्याला लागू नाही. आणि नवा केसपेपर कपाटावर नको, फाइलीत ठेवा, मेव्हणा दिवाळीला परत येणारच आहे.